वॉशर

एक एप्रिलला मी कामावर लागले.
सरपंच म्हणाले, तारीख बघून कुणी हसू नका,
आणि पहिले तेच हसले.
ठरावात मानधन लिहिलंय, पगार नव्हे.
फरक मला एवढाच कळतो
की मानधन उशिरा येतं.

काम सांगायला सोपं.
पहाटे साडेचारला कातळावरच्या टाकीकडे चढायचं,
वरची वाडी पाऊण तास, मधली पाऊण तास,
मग खाडीकडची, जिथे मी राहते,
तिची पाळी येईतो
टाकीने तळ गाठलेला असतो.

किल्ली दिली बाबी घाडीने.
एकतीस वर्षं तोच सोडत होता पाणी.
मुठीपाशी लोखंड झिजून रुप्यासारखं झालेलं.
"डावीकडे अडीच फेरे. मगे कान लाव,
पाईप बोलता.
आणि ह्या कडेच्या व्हॉल्वाक हात लाव नको.
तो तसोच रवांदे."

तसाच म्हणजे गळका.
जांभा तव्यासारखा तापलेला सगळीकडे,
आणि त्या चेंबरच्या अंगाला कमरेएवढं अळू,
चार मिरच्या, एक पपई,
लाल भाजीचा उशीएवढा वाफा,
काजूच्या काटक्यांचं कुंपण,
त्यावर बाबीच्याच शर्टाचं बुजगावणं,
खिशावर पाणीपुरवठा योजनेचं नाव.

माझ्या परसात तवशीचे तीन वेल आहेत.
तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, पाय धुतलेलं,
जे पाणी एकदा कामाला येऊन गेलं ते त्यांचं.
पहाटे शिंपायची माझी वेळ आता गावाला गेली.
सासू ऊन चढल्यावर शिंपते.
पानं कडेनं करपतात.
मी बोलत नाही,
तीही माझ्या नोकरीबद्दल बोलत नाही.

पाचव्या दिवशी गळतीखाली बादली ठेवली.
तासाला एक बादली, वर दोन तांबे.
खाडीकडच्या रांगेत शेवटी शालन तोडणकर असते.
तिची कळशी रोज अर्धीच.
हिशेब करायला काही शाळा लागत नाही.

ग्रामसेवक म्हणाले, वॉशरसाठी अर्ज द्या.
मी देवगडला गेले, बावीस रुपये दिले.
मग चार दिवस तो चंचीत घेऊन फिरले,
सुपारीच्या खांडांत काळा, गोल, मऊ.
पान लावताना दोनदा हाताला आला.

शनिवारी बसवला.

अळू दोन दिवस काही म्हणालं नाही.
तिसऱ्या दिवशी मान टाकली.
पाईपही गप्प झाला.
कान लावून लावून गाल तापला,
आत पाणी आहे की नाही, कळेना.
बाबीशी बोलायची ती ही गळतीच असावी.
आता व्हॉल्व सोडला की खाडीपर्यंत धावत उतरते,
पाणी पोचलं का ते बघायला.
शालनची कळशी काठोकाठ.
"उद्या पाच मिनटां आदी सोड," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबी आला.
हातात बाटली, घरच्या पाण्याची,
चढण चढून धापा टाकत.
चेंबर बघितलं, मला बघितलं,
बाटली पपईच्या मुळाशी उपडी केली.
शेवटचा थेंब झटकून घेतला.
"आळू काडून व्हर," म्हणाला,
"न्हाणयेच्या मागे लाय. सांडपाण्यार जगता ता."
जाताना वाकून व्हॉल्वला कान लावला,
बराच वेळ.
वॉशर बरा बसलाय की वाईट,
काही म्हणाला नाही.

मी काळोख पडेपर्यंत खणत होते.
सात गड्डे निघाले,
पदराला गंजाचा वास.
आठवा नटाभोवती मुळं आवळून बसलेला,
ओढला तर सगळा जोड हलायचा.

तसोच रवांदे, मी म्हटलं,
आणि किल्ली खांद्यावर टाकली.